झिजलेली चाबी, जुनी गाडी

(तेल्हारा येथील माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं की प्रत्येकानं आपल्या कामाबद्दल थोडं बोलावं. सकाळपासून आपण हृदयविकार ऐकला, बँकेचं कर्ज ऐकलं, केळीवरचा करपा ऐकला. आता चाबीवाल्याची पाळी आली आहे. जेवणाची वेळ जवळ आलेली मला दिसते, त्यामुळे मी फार लांबवणार नाही.

विषय मी घरून ठरवून आणला नव्हता. तो मला इथल्या मंडपाबाहेरच मिळाला. गाड्या लावून तुम्ही आत येत होता आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी तिघांनी मला बाजूला घेतलं. एक म्हणाला, "अबे, माह्या गाडीची चाबी काहून फिरत नाही बे?" दुसरा म्हणाला, "माह्या गाडीले तर कोणतीबी चाबी लागते!" तिसऱ्याची चाबी गाडी चालू असताना हातात निघून येते आणि तो ते मोठ्या कौतुकानं दाखवत होता. तिघांच्याही गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या पुढच्या आहेत. तिघांचा आजार एकच आहे. म्हणून आज जुन्या गाडीची चाबी आणि कुलूप एवढ्यावरच बोलतो.

आपण शाळेत होतो तेव्हा गावातल्या चारचाकी गाड्या बोटावर मोजता येत होत्या. अ‍ॅम्बेसेडर, फियाट म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, आणि जीप. मग मारुती आली. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांच्या हातात पहिल्या मारुती ८०० ची चाबी दिली. तो फोटो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. बाकीचे लोक त्यात गाडी पाहतात, मी चाबी पाहतो. आज यातली एकही गाडी नवी मिळत नाही. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची, ती साधारण २००० च्या सुमारास थांबली. मुंबईतली तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मारुती ८०० आणि अ‍ॅम्बेसेडर, दोन्ही २०१४ मध्ये बंद झाल्या. पण आपल्या भागात या गाड्या अजून चालतात. अकोटच्या बाजारात, हिवरखेडच्या रस्त्यावर, शेगावच्या वारीच्या दिवशी त्या दिसतातच. इंजिनाचं काम करणारा मिस्त्री मिळतो, टायर मिळतात. अडतं कुठं, तर चाबीत.

आता कुलपाच्या आत काय असतं ते सांगतो. ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

दारावर किंवा स्टिअरिंगखाली आपण चाबी घालतो ती एका गोल दांड्यात जाते. त्याला आम्ही बॅरल म्हणतो. या बॅरलला आडव्या खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत पितळेची एक पातळ पत्ती बसलेली असते. पत्तीच्या मधोमध चौकोनी भोक असतं आणि तिच्या बाजूला केसासारखी बारीक स्प्रिंग. चाबी नसते तेव्हा स्प्रिंग पत्तीला बाहेर ढकलते, पत्तीचं टोक बाहेरच्या खोबणीत अडकतं आणि बॅरल फिरत नाही. बरोबर चाबी आत गेली की तिचे दात प्रत्येक पत्तीला नेमकं हवं तेवढं ओढतात. सगळ्या पत्त्या बॅरलच्या काठाशी सपाट होतात. एकही टोक बाहेर नाही, एकही आत नाही. मग बॅरल फिरतं.

घरच्या दाराला जे लॅच असतं, त्यात पत्तीच्या जागी खिळ्यासारख्या पिना असतात. ते कुलूप १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या लायनस येल यांनी आजच्या रूपात आणलं. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपाचा कारखाना काढला. गाडीत मात्र पत्तीचं कुलूप जास्त चालतं, कारण ते लहान जागेत बसतं, स्वस्त असतं आणि गचके सहन करतं. तत्त्व दोन्हीकडे एकच आहे: सगळ्यांनी एका रेषेत यायचं.

यातला हिशेब किती बारीक आहे पाहा. चाबीच्या एका खोलीत आणि दुसऱ्या खोलीत साधारण अर्ध्या मिलिमीटरचा फरक असतो. म्हणजे त्याच्याही निम्म्यानं चाबी झिजली, तर कुलपाला ती आपली वाटेनाशी होते. अकरावीच्या प्रॅक्टिकलला आपल्या हातात व्हर्नियर कॅलिपर दिलं होतं ते आठवतं का? एक धातूची गोळी मोजायची आणि वहीत आकडे लिहायचे. तेव्हा मागच्या बाकावर सगळ्यांचा एकच प्रश्न होता, "हे कायले कामात येणार हाय?" मंडळी, मी गेली तीस वर्षं त्या व्हर्नियरवर पोट भरतो आहे. सर इथे बसलेत, त्यांना हे सांगायचं राहून गेलं होतं.

आता चाबी झिजते म्हणजे काय होतं? चाबी बहुधा पितळेची, वर चकचकीत मुलामा. आतल्या पत्त्याही पितळेच्या. रोज दहा वेळा आत-बाहेर, वर्षाला तीन-साडेतीन हजार वेळा. वीस वर्षांचा गुणाकार तुम्हीच करा. दातांची टोकं गोल होतात, खाचा पसरट होतात. पत्ती पूर्ण ओढली जात नाही, तिचं टोक केसभर बाहेर राहतं आणि अडकतं. मग माणूस काय करतो? चाबी थोडी बाहेर ओढून पाहतो, वर दाबतो, खाली दाबतो, हलवतो. त्याला ती युक्ती जमते आणि घरातल्या दुसऱ्या कोणालाही जमत नाही. मग तो अभिमानानं सांगतो, "ही गाडी फक्त माह्याच हातानं चालू होते." ते कौतुक नाही, राजेहो, ते लक्षण आहे.

आणि मग तो ती चाबी घेऊन माझ्यासारख्याकडे येतो आणि म्हणतो, "याच्यासारखी एक डुप्लिकेट करून दे."

आजच्या बोलण्यात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. झिजलेल्या चाबीवरून दुसरी चाबी करू नका. चाबी कापायचं यंत्र आंधळं असतं. एका बाजूला जुनी चाबी लावायची, दुसऱ्या बाजूला कोरी. जुन्या चाबीवरून एक टोक सरकत जातं आणि पलीकडे चाक तेच कापत जातं. जुनीत झीज असेल तर नवीतही तीच झीज उतरते, वर कापण्यातली थोडी चूक वेगळी. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. आपण शाळेत असताना प्रश्नपत्रिकांच्या सायक्लोस्टाइल प्रती निघायच्या, शेवटच्या प्रतीत "ताजमहाल" आहे की "राजमहाल" हे कळायचं नाही, तसं. नवी चाबी दिसायला चकचकीत असते, पण कुलपाला ती म्हातारीच वाटते. गिऱ्हाईक म्हणतं, "चाबीवाल्यानं फसवलं." चाबीवाला म्हणतो, "जशी दिली तशी केली." दोघंही खरं बोलत असतात.

बारावीनंतर मी अकोल्याला बसस्टँडजवळ एका उस्तादांच्या हाताखाली काम शिकलो. पाच वर्षं. त्यांना लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण कानशीचा हात असा की चाबी कापल्यावर पुन्हा बघायची गरज नसे. ते म्हणायचे, "घिसी चाबी की नकल मत कर बेटा. ताले से पूछ." चाबीची नक्कल करू नकोस, कुलपाला विचार. माझा सगळा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

कुलपाला विचारायचं कसं? चार वाटा आहेत, सोप्यापासून अवघडापर्यंत.

पहिली वाट घरातच असते. गाडी नवी घेतली तेव्हा दोन चाब्या मिळाल्या होत्या. एक वापरात राहिली, दुसरी कपाटात गेली. ती न वापरलेली चाबी शोधा. लग्नाच्या अल्बमखाली, देवघराच्या खणात, जुन्या विम्याच्या कागदांत. ती सापडली तर तिच्यावरून नवी करा आणि तिला परत कपाटात ठेवा. ती वापरायला काढू नका. ती मूळ प्रत आहे.

दुसरी वाट आकड्याची. बऱ्याच गाड्यांच्या चाबीचा एक नंबर असतो. नव्या गाडीबरोबर मिळालेल्या बिल्ल्यावर, कधी चाबीवरच, कधी कुलपाच्या अंगावर तो ठोकलेला असतो. त्या नंबरावरून मूळ दात किती खोल होते ते काढता येतं आणि झिजलेल्या चाबीकडे न पाहता नवी कापता येते. हा नंबर सापडला तर आरसी बुकाच्या फाइलीत लिहून ठेवा. चाबीच्या गुच्छात लटकवू नका, नाहीतर चोराला पत्ता देऊन ठेवल्यासारखं होईल.

तिसरी वाट म्हणजे सगळ्यात कमी वापरलेलं कुलूप. गाडीत एका चाबीची कुलपं दोन-तीन असतात. स्टार्टचं रोज चालतं, चालकाच्या दाराचं रोज चालतं. पण डाव्या दाराचं आणि काही गाड्यांत डिकीचं कुलूप वर्षातून एखाद्या वेळी. जन्मतः तिन्ही सारखी होती. दोन झिजली, तिसरं तसंच राहिलं. त्या तिसऱ्याला खोलायचं आणि त्याच्या पत्त्या पाहायच्या.

चौथी वाट म्हणजे स्टार्टचंच कुलूप काढून त्यातल्या पत्त्या वाचायच्या. पुष्कळ कुलपांत पत्तीवर १, २, ३, ४ असा आकडा ठोकलेला असतो. तो आकडा म्हणजे चाबीची खोली. पत्ती झिजली तरी आकडा बहुधा राहतो. हे काम वेळखाऊ आहे आणि स्प्रिंग उडाली तर दुकानाचं झाडू होईपर्यंत सापडत नाही.

तिसऱ्या वाटेचं एक काम मी सांगणार आहे. त्यासाठी मी बाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण वाढवून सांगू नको."

बाई आणि आपले सर. दोघंही आपल्याला शिकवायला. सरांनी निवृत्तीच्या काही वर्षं आधी मारुती ८०० घेतली होती, एमएच-३० नंबरची, पांढरी. तुम्हाला ती शाळेच्या लिंबाखाली उभी असलेली आठवत नसेल, कारण तोवर आपण गाव सोडलं होतं. मी मात्र रोज पाहायचो. सर गेले आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. दोन वर्षांनी मुलानं पुण्याहून येऊन ती चालू करायचा प्रयत्न केला. मिस्त्रीनं नवी बॅटरी लावली, पण चाबीच फिरेना. दारही उघडेना, काच खाली करून आत हात घालावा लागला. मग भंगारवाला आला. तो म्हणाला, चाबी लागत नाही म्हणजे वजनावर घेतो. मुलाचंही चूक नव्हतं. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी पुन्हा करायची तर १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांऐवजी ५,००० रुपये भरावे लागत होते, वर दुरुस्ती वेगळी. त्याचा हिशेब सरळ होता.

बाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, "विकायची की नाही ते मी ठरवीन. पण न उघडणारी म्हणून विकायची नाही. आधी उघडून दे."

चाबी एकच होती आणि सरांच्या हातानं गुळगुळीत झालेली. दात म्हणजे नदीतले गोटे. दुसरी चाबी सरांनी कुठे ठेवली ते कोणालाच ठाऊक नव्हतं. नंबरचा बिल्ला नाही. मी उजव्या दाराचं कुलूप पाहिलं, तेही संपलेलं. मग डाव्या दाराकडे गेलो. बाईंना विचारलं, "या दाराला चाबी कधी लावत होता?"

त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "मी कधीच लावली नाही. हे आधी बसायचे आणि आतून हात लांब करून माझं दार उघडायचे. पाऊस असो, ऊन असो. मी आपली बाहेर उभी राहायची."

मी दाराचं पॅनल काढलं. आधी काच फिरवायचं हँडल. त्याच्या मागे एक क्लिप असते, ती कापडाचा तुकडा मागून फिरवून ओढली की निघते. मग कडेच्या क्लिपा, मग आतला प्लास्टिकचा कागद. कुलपाला मागून घोड्याच्या नालेसारखी एक पत्र्याची क्लिप धरून ठेवते, ती सरकवली आणि सळीपासून कुलूप सोडवलं. बाकावर नेऊन उघडलं. आत पत्त्या जशा कारखान्यातून आल्या तशा. धारा शाबूत, आकडे स्वच्छ. इतक्या वर्षांत त्यांना चाबीचा स्पर्शच झाला नव्हता म्हणा ना.

त्या आकड्यांवरून कोऱ्या चाबीवर मी कानशीनं दात काढले. दाराच्या कुलपात स्टार्टच्या कुलपापेक्षा पत्त्या थोड्या कमी असतात. उरलेल्या एक-दोन दातांसाठी झिजलेल्या चाबीवर व्हर्नियर लावलं आणि जी माप निघाली तिच्या वरचा जवळचा पूर्ण आकडा धरला, कारण झीज नेहमी कमीच करते, वाढवत नाही. चाबी आधी डाव्या दाराला लावली, फिरली. मग स्टार्टला लावली. तिथे पत्त्याही झिजलेल्या होत्या, त्यामुळे ती अडली. पण स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत फिरवल्यावर कुलूप सुटलं. मग स्टार्टचं बॅरल बाहेर काढता आलं. त्यात दोन पत्त्या नव्या टाकल्या, बाकीच्या साफ केल्या. उजव्या दारातल्या पत्त्याही बदलल्या. तीन कुलपं, एक चाबी, जशी पहिल्या दिवशी होती तशी. त्याच बैठकीत दुसरीही चाबी कापली आणि बाईंच्या हातात दिली. सांगितलं, "ही कपाटात."

गाडी विकली नाही. नोंदणी पुन्हा झाली. बाईंच्या भाचीनं लायसन्स काढलं आहे, दर महिन्याला ती बाईंना डोळ्याच्या डॉक्टरकडे अकोल्याला घेऊन जाते. आजही बाई त्याच गाडीनं आल्या आहेत. बाहेर उभी आहे. डाव्या बाजूचं दार आता चाबीनं उघडतं, पण भाची अजून आतून हात लांब करूनच उघडते. मी वाढवून सांगितलं नाही, बाई.

आता आपल्या भागापुरतं थोडं. पुण्या-मुंबईचे चाबीवाले मला विचारतात, तुमच्याकडची कुलपं लवकर का जातात? कारण आपल्याच मातीत आणि पाण्यात आहे. पूर्णेच्या काठचा पट्टा खारपाणपट्टा. बोअरचं पाणी खारट. त्या पाण्यानं आपण गाडी धुतो, पाइपाचा फवारा थेट कुलपाच्या भोकावर. पाणी वाळतं, क्षार आत राहतो, स्प्रिंगला गंज चढतो. वर काळ्या मातीची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या बाजूला तर हवेत तंतू उडतात. आणि मग आपण प्रेमानं त्यात खोबरेल तेल सोडतो! तेलानं आठ दिवस बरं वाटतं. नवव्या दिवसापासून तेल, धूळ आणि तंतू मिळून आत लाडू वळायला लागतो.

कुलपाला तेल नाही, ग्रीस नाही. त्याला कोरडं वंगण लागतं, ग्रॅफाइटची पूड. ती नसेल तर मऊ पेन्सिल घ्या, २बी वगैरे, तिचं शिसं चाबीच्या दोन्ही बाजूंना घासा आणि चाबी दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं, हे आपल्याला विज्ञानाच्या तासाला सांगितलं होतं. आधीच तेल घातलं असेल तर गंज काढायचा स्प्रे मारून आतलं धुऊन काढा, पूर्ण वाळू द्या, मग पेन्सिल. गाडी खाऱ्या पाण्यानं धुवावीच लागली तर कुलपावर बोटभर चिकटपट्टी लावा.

थोड्या गोष्टी आणखी, सरळ सांगतो.

चाबी फिरत नसेल तर पक्कड लावू नका. बहुतेक वेळा स्टिअरिंगची जीभ अडकलेली असते. एका हातानं स्टिअरिंग हलवा, दुसऱ्यानं हलकेच चाबी फिरवा. पक्कड लावली की चाबी तुटते, आणि मग शंभराचं काम हजाराचं होतं.

चाबी आत तुटलीच तर उरलेला तुकडा घालून ढकलू नका, आणि फेविक्विक तर अजिबात नको. चिकटवून ओढू म्हणणाऱ्यांची कुलपं माझ्याकडे येतात, त्यात पत्त्या कायमच्या सिमेंट झालेल्या असतात. बारीक करवतीचं पातं, दात बाहेरच्या बाजूला करून, तुकड्याच्या कडेनं सरकवायचं आणि हळूच ओढायचं. बॅरल सरळ उभं असेल तरच तुकडा निघतो, तिरपं असेल तर आधी सरळ करा.

चाबीचा गुच्छ हलका ठेवा. घराची, गोदामाची, शेतातल्या मोटारीच्या पेटीची, वर गजानन महाराजांचं पितळी लॉकेट, असं सगळं मिळून पाव किलो वजन स्टार्टच्या चाबीला लोंबकळतं आणि प्रत्येक खड्ड्यात हेलकावे खातं. अकोट-तेल्हारा रस्त्यावर किती खड्डे ते मी सांगायला नको. ते वजन पत्त्यांवर कानशीसारखं काम करतं. गाडीची चाबी वेगळी ठेवा. महाराज डॅशबोर्डवर बसले तरी आशीर्वाद तेवढाच मिळतो.

भंगारातून दुसरं कुलूप आणून बसवायची पद्धत आहे. मग दाराची एक, स्टार्टची दुसरी, डिकीची तिसरी चाबी होते. तसं करायची गरज नसते. आणलेल्या कुलपातल्या पत्त्या बदलून ते तुमच्या जुन्या चाबीचं करता येतं. चाबीवाल्याला ते सांगा. तो नाही म्हणाला तर दुसरा पाहा.

आणि ज्या मित्राची चाबी चालत्या गाडीत हातात येते, त्याच्यासाठी. तुझी गंमत आजपासून बंद कर. चाबी निघून येते याचा अर्थ बॅरलमध्ये चाबी धरून ठेवणारं काही उरलेलं नाही. मेळघाटच्या घाटात, अकोटहून हरिसालकडे जाताना, उतारावर पेट्रोल वाचवायला कोणी चाबी बंदकडे फिरवली आणि ती निघाली, तर स्टिअरिंगची जीभ पडू शकते. मग स्टिअरिंग वळत नाही. ज्याच्या गाडीला "कोणतीबी चाबी लागते" त्यालाही हेच. आज तुझ्या शेजाऱ्याची लागते, उद्या चोराची लागेल. कमरेच्या किल्लीनं उघडणाऱ्या गाडीला कुलूप आहे असं म्हणता येत नाही.

विमा असेल तर आणखी एक. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी दोन्ही मूळ चाब्या मागते. म्हणून नवी करून घेतली तरी जुनी, झिजलेली चाबी फेकू नका. आणि चाबी हरवली तर पोलिसात तशी नोंद करून ठेवा.

शेवटी माझ्या धंद्याच्या विश्वासाबद्दल. कोणी माझ्याकडे गाडीची चाबी करायला आलं की मी आधी आरसी बुक पाहतो, मग ओळखपत्र, आणि वहीत लिहून ठेवतो. लोक चिडतात. आपल्यातलाच एक जण चिडला होता, "मले ओळखत नाही का बे?" ओळखतो, म्हणूनच विचारतो. ओळखीच्या माणसाला सोडलं तर त्याच्या ओळखीच्यालाही सोडावं लागतं. या गावात अर्ध्या घरांच्या चाब्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. लोक निश्चिंत झोपतात कारण त्या वहीत नोंद आहे. तुम्हीही जिथे राहता तिथे कागद न मागता चाबी करून देणारा चाबीवाला दिसला तर त्याच्याकडे जाऊ नका. तो तुम्हाला देतो तशी दुसऱ्यालाही देईल.

आता नव्या गाड्यांच्या चाबीत चिप असते. दात बरोबर असले तरी चिप ओळखली नाही तर इंजिन चालू होत नाही. त्याचं यंत्र माझ्या मुलानं घेतलं आहे, तो ते काम करतो. मी कानस सोडली नाही. जोवर आपल्या रस्त्यांवर ८०० आणि अ‍ॅम्बेसेडर आहेत तोवर मला काम आहे.

आपले गुरुजन इथे आहेत म्हणून एवढंच म्हणतो. दहावीला माझे मार्क काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी ते सांगत नाही, आणि तुम्हीही सांगू नका. पण मोजताना घाई करायची नाही, आकडा दोनदा वाचायचा, आणि खात्री नसेल तर वहीत लिहायचा नाही, हे याच शाळेत शिकलो. ते रोज उपयोगी पडतं.

दुकान बसस्टँडच्या वळणावर आहे, उद्या सकाळी सात वाजता उघडतो. ज्यांना परतायचं आहे त्यांनी जाण्याआधी चाबी दाखवून जा. बघायचे पैसे नाहीत. आणि आरसी बुक बरोबर आणा, सगळ्यांनी.